फरशी, पंप आणि डोळ्याचे थेंब

बी-४०२ स्मिता: सी विंगवाल्यांनो, फरशी कापणं आता तरी थांबवा. बाबांचा दमा उसळलाय, सकाळपासून निळा पंप (इनहेलर) कितीदा मारला. सुटतच नाहीये.

सी-१०१ शिर्के: सेक्रेटरींची लेखी परवानगी आहे. १० ते ५.

ए-२०१ नेनेकाका: ओवा-कापूर रुमालात बांधून हुंगवा.

बी-३०३ डॉ. मेधा: स्मिता, बोलताना दम तुटतोय का? तसं असेल तर मेसेज नको, रिक्षा कर, सरळ कॅज्युअल्टी.

स्मिता: नाही ताई, मलाच ओरडतायत 🙄

डॉ. मेधा: मग बरं. नवीन औषध काही?

स्मिता: काचबिंदूचे थेंब. टिमोलॉल.

डॉ. मेधा: तिथेच गोम आहे. पंपातलं सॅल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूवरच्या बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागेला, चिकटलं की स्नायू सैल पडतो. टिमोलॉल नेमकं तिथेच ठाण मांडतं. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात. गोळीसारखा आधी लिव्हरमधून जात नाही, म्हणून थेंबभरही पुरतो.

सी-२०४ पिंट्या: म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये शिर्केकाकांची गाडी 😂

शिर्के: तो विषय एजीएममध्ये संपलाय. फरशी १० ते ५.

नेनेकाका: मग थेंब आजच बंद!

डॉ. मेधा: काका, कृपा करा. डोळ्याचं प्रेशर वाढेल. स्मिता, डोळ्यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन करून दमा आहे म्हणून सांग. लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब असतात, ते बीटाच्या वाटेला जात नाहीत. स्टेरॉइडचा रोजचा पंप चालू आहे ना?

स्मिता: सवय लागते म्हणून सोडला... नेनेकाका म्हणाले होते 🙏

नेनेकाका: मी जनरल बोललो होतो.

डॉ. मेधा: 😐 निळा सारखा मारला की रिसेप्टर कमी होत जातात. स्टेरॉइड सूज उतरवतं आणि रिसेप्टरही सावरतं. नुसत्या निळ्यावर राहू नका, हे गिनाच्या (दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या) सूचनांत २०१९ पासून आहे.

शिर्के: म्हणजे फरशीचा दोष नाही. नोंद घ्यावी.

डॉ. मेधा: धुळीनेही दमा उसळतो, शिर्के. दोन्ही खरं.

स्मिता: थेंब बदलून दिले. छातीच्या डॉक्टरांनी नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम घातलं. आता सुटतंय.

डॉ. मेधा: छान. ते मस्कॅरिनिक नावाचे वेगळेच रिसेप्टर अडवतं, तिथे टिमोलॉल आडवं येत नाही.

शिर्के: बाबांना आराम पडो 🙏 १० ते ५.

सेक्रेटरी: शिर्के, उद्यापासून पाणी मारून कापा. आणि तो राडा लिफ्टमधून नेऊ नका.