सल्ला हवा: नवी ४ टीबी हार्ड डिस्क कधी दिसते, कधी गायब

निपाणी_डेस्कटॉप
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप जुना आहे. आय३ चौथी पिढी, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०, जुनी ५०० जीबी डिस्क, डीव्हीडी रायटर. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लोकल, वर ४५० वॅटचा स्टिकर. त्यात साडेतीन इंची ४ टीबी डिस्क बसवायलोय. साटा पॉवरची (डिस्कला वीज देणारी चपटी) टोकं दोनच, दोन्ही अडकलेली, म्हणून मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनांच्या टोकावरून साटा टोक काढणारी वायर) लावला.

आता बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग) नवी डिस्क एकदा दिसते, एकदा नाही. दिसली की विंडोज सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ येतं. कसंबसं विंडोज आलं तर दिस पीसीमध्ये नव्या डिस्कचा पत्ता नाही. वर चार स्क्रूंपैकी दोन नुसतेच गोल फिरतात. दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. बदलू का डिस्कच खराब आहे?

मलप्रभाकाठ
एवढ्यात काहीच बदलू नका. तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिघांना एकच औषध शोधताय.

डिस्क येते-जाते ते पॉवरमुळे किंवा डेटा केबलमुळे. विंडोज सुरू होत नाही ते बूट क्रमामुळे, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवर विंडोज शोधायचं तो क्रम. दिस पीसीत दिसत नाही कारण कोरी डिस्क तिथे दिसतच नसते, आधी इनिशियलाइज (विंडोजमध्ये वापरायला तयार) करावी लागते. ह्याच क्रमाने घ्या.

पॉवर. पीसी बंद करून भिंतीवरचा स्विचही बंद करा. डीव्हीडी रायटरचं साटा पॉवर टोक काढून सरळ नव्या डिस्कला लावा, कन्व्हर्टर बाजूला ठेवा. पीसी चालू करताना डिस्कच्या कडेला दोन बोटं टेकवून बघा. पहिल्या काही सेकंदांत बारीक थरथर वाढत जाऊन एकसारखी झाली तर मोटर ठीक. थरथर सुरू होऊन मध्येच तुटते आणि पुन्हा सुरू होते, म्हणजे १२ व्होल्ट बसतोय. सुरू होताना साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते, नंतर बरंच कमी. ढिल्या कन्व्हर्टरची परीक्षा त्या सुरुवातीच्या क्षणांतच होते.

एसएमपीएसवाला
वॅटचा इथे काही संबंध नाही. चौथ्या पिढीचा साधा आय३ ५४ वॅटचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, अख्खी मशीन १०० वॅटच्या आत चालते. स्टिकरवरचं ४५० खरं नसलं तरी ह्या कामाला पुरतं.

संशय कन्व्हर्टरवर घ्या. साटाचं टोक नीट बघा. काळं प्लॅस्टिक वायरीभोवती ओतून एकसंध केलेलं असेल तर तो फेकून द्या. त्यात आत तारा सरकून पिवळी आणि काळी जवळ येतात, टोक वितळतं, आग लागल्याचेही प्रकार झालेत. घ्यायचाच तर मागून एकेक वायर वेगळी आत दाबलेली दिसते तो घ्या. आणि मोलेक्सच्या चार पिना जोडताना नीट बघा, एखादी पिन मागे सरकते, बाहेरून टोक मात्र बसल्यासारखं दिसतं.

खानापूर-जांबोटीकडचे असाल तर पावसाळ्यात टोकांवर ओल धरते. बंद मशीनमध्ये टोक चार-पाच वेळा काढून घातलं की संपर्क साफ होतो.

हिरण्यकेशी
एक पुरवणी. थेट एसएमपीएसच्या साटा टोकावर डिस्क एकदम मुकी झाली आणि मोलेक्सवर फिरत होती, असं निघालं तर डिस्क खराब म्हणू नका. सर्व्हरच्या किंवा बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेल्या काही डिस्कना तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आला की त्या बंदच राहतात. मोलेक्समध्ये ती नारिंगी वायर नसते, म्हणून तिथे चालतात. उपाय म्हणजे डिस्कच्या पॉवर बाजूच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी टेप) बारीक पट्टी. साधी सेलोटेप नको, गरमीनं सरकते.

स्क्रूचं म्हणाल तर साडेतीन इंचीला ६-३२ चा जाड आट्याचा स्क्रू लागतो. डीव्हीडी आणि एसएसडीला (न फिरणारी, चिपवरची डिस्क) एम३, बारीक आट्याचा. तुमचे दोन बहुतेक डीव्हीडीचे आहेत, म्हणून फिरतात. उलटं मात्र कधी करू नका: एम३ च्या भोकात ६-३२ रेटला की आटे गेले.

टिळकवाडीकर
डेटा केबलपण बदलून बघा. क्लिपवाली, अर्धा मीटरच्या आसपास. नुसती टोकात लटकणारी नको. डिस्कच्या टोकातली एल आकाराची प्लॅस्टिक जीभ फार नाजूक, केबल तिरकी ओढली की तुटते आणि मग वॉरंटीही गेली. म्हणून डिस्क कॅबिनेटमध्ये सरकवायच्या आधी केबल लावायची, नंतर दोन बोटांच्या जागेत हात घालून नाही.

एच८१ वर साटाचे दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे, दोन ३ चे. फिरती डिस्क ३ वर लावली तरी चालते, तिचा वेग तेवढा नसतोच. ६ चे पोर्ट एसएसडीसाठी राखा.

बूटचं: बायोसमध्ये बूट टॅबवर ‘हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ असं काहीतरी असेल. नवी डिस्क आली की काही बोर्ड तिला वर चढवतात. तिथे जुनी पहिली करा आणि एफ१० दाबून सेव्ह करा.

निपाणी_डेस्कटॉप
डीव्हीडीचं टोक लावलं, केबल बदलली. पाच वेळा बंद-चालू केलं, पाचही वेळा दिसली. बूटपण झालं. कन्व्हर्टर ओतीवच निघाला वो. आता विंडोजमध्ये ‘एमबीआर की जीपीटी’ (डिस्कवरच्या भागांची यादी ठेवायची जुनी की नवी पद्धत) विचारतंय. विंडोज जुन्या एमबीआर डिस्कवर आहे, म्हणून तेच निवडलं. तर २०४८ जीबी एक तुकडा आणि १६७८ जीबी काळ्या पट्टीत, त्यावर काहीच करता येईना.

मलप्रभाकाठ
एमबीआर २ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही, म्हणून ते १६७८ अडकले. विंडोज कुठल्या डिस्कवरून सुरू होतं याचा डेटाच्या डिस्कशी संबंध नाही. विंडोज १० जीपीटी डेटा डिस्क बिनबोभाट वाचतं.

विंडोज आणि एक्स ही बटणं एकदम दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डावीकडे डिस्कचा आकार ३७२६ च्या आसपास आहे याची खात्री करा. ५०० जीबीवर चुकून हात गेला तर फोटो गेले. मग नव्या डिस्कवरचा व्हॉल्यूम डिलीट करा, डाव्या चौकोनावर उजवं क्लिक, ‘कन्व्हर्ट टू जीपीटी’. पूर्ण रिकामी असल्याशिवाय हा पर्याय राखाडीच राहतो. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट.

शेवटी ३.६३ टीबी दिसेल. चोरी नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

एसएमपीएसवाला
क्विक फॉरमॅटला माझा विरोध. नव्या डिस्कवर एकदा तरी पूर्ण फॉरमॅट करा, खराब सेक्टर असतील तर बदलून घ्यायच्या मुदतीत कळतील.

मलप्रभाकाठ
तत्त्वतः बरोबर. पण सरासरी सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात, आणि ह्यांच्याकडे यूपीएसचा उल्लेख नाही. दुपारी लाईट गेली की पहिल्यापासून. यूपीएस असेल तर करा. नसेल तर क्विक करून सामान भरा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोवर (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) नजर ठेवा. ०५, सी५, सी६ ह्या ओळी (खराब सेक्टरांची मोजणी) शून्य पाहिजेत. सी७ (डेटा पाठवताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क नाही, केबल दोषी. पॉवर-ऑन अवर्स ‘नव्या’ डिस्कवर हजारांत दिसले तर जुनी पुसून विकली आहे, लगेच परत न्या.

हिरण्यकेशी
बिलावर सीरियल नंबर लिहून घेतलाय ना? तो कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. बाहेरून परस्पर आणलेल्या मालाला इथे वॉरंटी मिळत नाही, मग माल बेळगावातून घ्या नाहीतर कोल्हापुरातून.

निपाणी_डेस्कटॉप
३.६३ आलं! अवर्स ३, बाकी शून्य. सीरियल बिलावर आहे, वॉरंटीपण दिसतेय. आता विंडोजच ह्या नव्या डिस्कवर हलवू का? जुनी फार हळू झालीय.

टिळकवाडीकर
नको. ही फिरतीच डिस्क, विंडोज तितकंच रेंगाळेल. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, एच८१ वर एम.२ ची (थेट बोर्डवर बसणारी एसएसडी) आशा धरू नका. कोरं विंडोज टाकताना एसएसडी सोडून बाकी सगळ्यांच्या डेटा केबल काढा, नाहीतर बूटच्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतात आणि ती काढली की विंडोज आंधळं.

पॉवरची टोकं तेव्हा पुन्हा कमी पडतील. डीव्हीडी वर्षात दोनदा लागत असेल तर तिचं टोक नव्या डिस्ककडेच राहू द्या, आणि जुन्या ५०० चं एसएसडीला. जुनी डिस्क पुसू मात्र नका. फोटो आणि शेतीचे उतारे दोन्हीकडे ठेवून ती खोक्यात घालून कपाटात ठेवा.