अप्पांना द्राक्षाच्या बियांच्या गोळ्या द्याव्यात काय?

निप्पाणीकर:
नमस्कार मंडळी, आमचे अप्पा ६८ वर्षांचे, दोन वर्षांमागं अँजिओप्लास्टी झाल्या, बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी रोज चालू हाय. मुंबईच्या मावसभावानं ग्रेप सीड एक्स्ट्रॅक्टची बाटली आणून दिलीय, हार्टला चांगलं म्हणतोय. लेबलवर ३०० मिलिग्रॅम, ९५ टक्के प्रोअँथोसायनिडिन (बियांतला मुख्य घटक) असं लिहिलंय. द्यावं काय? का आपल्या अथणीकडची द्राक्षं खाल्ली तरी तेच मिळतंय?

खानापूरची सून:
दादा, विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. आमच्या सासूबाईंना पण रक्त पातळ करायची गोळी होती, त्यावर कुणाचं तरी ऐकून ह्याच बियांच्या गोळ्या महिनाभर घेतल्या. लग्नाला बांगड्या भरायला कासार आलता, त्यानं नेहमीसारखाच हात दाबला तर दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा काळा-निळा डाग, ब्रश करताना हिरड्यांतनं रक्त. ह्यामुळंच झालं असं डॉक्टर ठामपणे बोलले नाहीत, पण बंद करा म्हणाले आणि मला तर तो हात बघून रडूच आलं.

शहापूर मेडिकल:
ताई बरोबर बोलतायत. ह्या अर्कानं रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायचं कमी होऊ शकतंय, आणि अप्पांची रक्त पातळ करायची गोळी पण तेच काम करते, म्हणजे दोन्ही मिळून रक्त थांबायला वेळ लागू शकतो. वॉरफरिन म्हणून रक्त गोठू न देणारी गोळी असते, ती घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. बीपी थोडं उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय खरं, पण ते थोडंच, त्याच्या भरवशावर बीपीची गोळी कुणी सोडू नये. बाटलीच्या मागं बारीक अक्षरात बघा, आपल्याकडच्या सप्लिमेंटवर औषधी वापरासाठी नाही असं छापावंच लागतंय. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आधी सांगायचं.

अथणीचा बागायतदार:
द्राक्षाचं मी सांगतो. आमच्याकडं थॉमसन, माणिक चमन, सगळं बिनबियांचंच, बेदाणा पण त्याचाच होतोय. तो अर्क बियांचा, वाईन करताना रस काढल्यावर जो चोथा उरतोय त्यातल्या बिया वापरतात. तवा द्राक्षं खाऊन ते मिळणार नाही, पण अप्पांना शुगर नसंल तर वाटीभर द्राक्षं खाऊ द्या की, चांगलीच हायत.

निप्पाणीकर:
लई आभार सगळ्यांचे. शुगर नाही त्यांना. बाटली कपाटात वर ठेवून दिलीय, सोमवारी अप्पांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि ही बाटली दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं जातो. ताई, सासूबाई आता बऱ्या हायत न्हवं?

खानापूरची सून:
होय दादा, पंधरा दिवसांत डाग गेला. तुम्ही सोमवारी जाऊन आला की इथं लिहा.