अनुभव धागा: पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे तब्येत परत मिळाली तेव्हा

मागच्या वर्षी गौरीजेवणाला पंगतीत बसले आणि उठताच येईना. एका गुडघ्यावर जोर द्यावा तर दुसरा नाही म्हणे. शेवटी धाकट्या जावेनं काखेत हात घालून उठवलं. पुतण्या म्हणाला, "काकू, क्रेन बोलवू का?" सगळे हसले, मीही हसले. रात्री भांडी आवरताना मात्र रडू आलं. वय ५१, वजन ७९ किलो.

त्याच आठवड्यात रक्त तपासलं. एचबीएवनसी ७.९. डॉक्टर म्हणाल्या, ६.५ पासून मधुमेह धरतात, तुम्ही बऱ्याच पुढे आलात. पुढच्या तपासणीआधी चार दिवस कारल्याचा रस घेऊन बघते, असं मी म्हटलं. त्यावर त्या हसल्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिला चिकटलेली साखर हा आकडा मोजतो, त्यामुळे चार दिवसांचं सोंग त्यात खपत नाही. चुगलखोर तपासणी आहे.

गोळ्या सुरू झाल्या. बाकी जे केलं त्यात सांगण्यासारखं थोडंच. चार पोळ्यांच्या दोन झाल्या, भाजीची वाटी मोठी झाली आणि रात्री जेवल्यावर पार्किंगमध्ये वीस मिनिटं फेऱ्या. चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर. वॉचमनकाका पहिला आठवडाभर विचारत होते, "मॅडम, किल्ली हरवली का?" पुढे रविवारी तळजाईची टेकडी चढणं सुरू झालं. यंदा गौरीजेवणाला हात न टेकता उठले असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? एक हात टेकला. एकच. एचबीएवनसी ६.४.

कृतज्ञता वगैरे शब्द मला बोलताना जड जातात. त्या दिवशी पानावरून उठले तेव्हा गौरींकडे बघून नुसती मान हलवली, एवढंच.

तुमचंही लिहा. कोमट पाणी-मध-लिंबू छाप सल्ले नकोत, ते सकाळी सहापासून फोनवर येतातच. काय बिघडलं, कुठे लक्षात आलं आणि आता कुठली क्षुल्लक गोष्ट जमली की बरं वाटतं, तेवढं सांगा.

(सहकारनगर, ५२)

*

माझी गोष्ट मिसळीपासून सुरू होते. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी छातीत जळजळ, घामानं बनियन ओलं. मी ॲसिडिटीचं गुलाबी औषध पिऊन आडवा झालो. बायको म्हणाली, ऊठ, दाखवून येऊ. मी म्हटलं, उद्या डेमो आहे. तिनं उत्तर दिलं नाही, गाडीची किल्ली घेतली.

अँजिओग्राफी मांडीतून करतात एवढं ऐकून होतो, माझी मनगटातून झाली. एक मोठी धमनी जवळजवळ बंद. स्टेंट बसला. सिगारेट कधीच नव्हती, पण वडील हृदयविकारानंच गेले होते. आणि मी कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट न उघडता मेलमध्ये साठवत होतो, जणू फिक्स डिपॉझिट.

अकरा महिन्यांनी, स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन करतात ती तपासणी) झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आतकरवाडीकडून सिंहगड चढलो. कॉलेजात तासाभरात चढायचो. या वेळी पावणेतीन तास लागले. निम्म्या वाटेवर एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन मागून आल्या, पाटीत दह्याची मडकी. "सरका दादा," म्हणाल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. मी पुणे दरवाजातून आत पोचलो तेव्हा त्या दही विकत बसल्या होत्या. "आलात होय?" एवढंच म्हणाल्या. दोन मडकी घेतली. पिठलं-भाकरीही घेतली, भजी मात्र बायकोच्या ताटलीतलं एकच. खाली खडकवासल्याचं पाणी चमकत होतं. ते बघताना जे झालं ते इथे लिहीत नाही, ऑफिसातले लोक वाचतात.

(बावधन, ४८)

*

मी तांदूळ खायचे. भात नाही, कच्चे तांदूळ. निवडताना आधी चिमूट, मग मूठ. इंद्रायणीचा डबा भराभर रिकामा व्हायला लागला. नवऱ्याला वाटलं घरात उंदीर झालेत. त्यानं मंडईतून पिंजरा आणला.

तेव्हा दोन वर्षं माझी पाळी महिन्यातले दहा-बारा दिवस चालायची. आई, सासूबाई, मैत्रिणी, सगळ्यांचं एकच: जाताना अशीच जाते. वाड्याचा जिना चढताना मध्ये दोनदा टेकावं लागे, तेही वयाच्या खात्यात टाकलं. भाची मेडिकलला आहे. तिला पिंजऱ्याचा किस्सा हसत सांगितला तर ती हसेचना. जवळ येऊन माझी खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.९ निघालं, बाईला निदान १२ हवं. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी.

शिरेतून लोह दिलं, मग गाठी काढल्या. लोह भरत गेलं तशी तांदळाची ओढ आपोआप गेली. अंगात लोह कमी पडलं की काहींना माती, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळावं? 'असंच असतं' म्हणणाऱ्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे, आईसकट. रक्तस्राव वाढला तर बायांनो, शेजारणीला विचारू नका.

जिना आता एका दमात. पिंजरा माळ्यावर आहे.

(सदाशिव पेठ, ५०)

*

तुमच्या यशोगाथांत माझी फजिती. दिवसातून दोनदाच जेवायचं असं मनानंच ठरवलं, डॉक्टरांना विचारलं नाही. मधुमेहाची गोळी होती तीच चालू ठेवली, ग्लिमेपिराइड. पोटात अन्न आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं, ती साखर उतरवतेच.

अलका चौकात सिग्नलला हात लटलटायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. मागचे हॉर्न वाजवतायत, पुणंच ते. कॉलेजातली एक मुलगी उतरली, माझी स्कूटर कडेला स्टँडवर लावली आणि सॅकमधलं चॉकलेट माझ्या हातात कोंबलं. "आजोबा, खा आधी!" मी ५६ चा आहे. पण खाल्लं.

नंतर डॉक्टरांनी झापलं आणि गोळी बदलली. आता खिशात ग्लुकोजची पुडी असते. त्या मुलीला नाव विचारायचं राहून गेलं.

(कोथरूड)

*

रिक्षा चालवतो, धनकवडीला. मी बोलतोय, मुलगी टाइप करतीय.

वीस वर्षं गुटखा खाल्ला. २०१२ ला बंदी आली, पुडी मिळायची काही थांबली नाही. तोंड हळूहळू आवळत गेलं. तिखट लागलं की आग व्हायची. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. माझी दीडच जात होती. वडापाव चुरून खायचो, तोही गिऱ्हाईक नसताना, लाज वाटायची. कॅन्सर नव्हता, पण पुढं होऊ शकतो असं स्पष्ट सांगितलं.

पुडी दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्या वेळी सुटली. तोंडाला व्यायाम दिला: आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. पोरं काड्या जमवून आणायची, फुकटचं आइस्क्रीम त्यांना. आता अडीच बोटं जातात. आलेला कडकपणा पुरता जात नाही म्हणतात. दर काही महिन्यांनी तोंड दाखवून यायचं, ते चुकवत नाही. वडापाव चावून खातो, चारचौघांत.

(मुलगी: बाबांना आता परत शिट्टी वाजवता येते, ते त्यांनी सांगितलं नाही. अर्धी बिल्डिंग वैतागलीय.)

*

माझा उजवा खांदा गोठला होता. फ्रोझन शोल्डर, मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. वेणी घालता येईना, ब्लाउजचे हूक मुलाला लावायला सांगायचे कसे, म्हणून सहा महिने कुर्तेच घातले. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत.

फिजिओथेरपिस्टनं भिंतीवर बोटं चालवायला सांगितली, मुंगीसारखी, वर वर. कुठवर गेली ते कळावं म्हणून मी पेन्सिलनं रेघ मारायला लागले. स्वयंपाकघराच्या दाराशी मुलाच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत, पहिलीपासून दहावीपर्यंतच्या. त्याच्या चौथीच्या रेघेवर माझा हात दोन महिने अडून बसला होता. मेमध्ये सातवी ओलांडली. त्या दिवशी वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा स्वतः काढला आणि वेळ नसताना पोहे केले.

डाव्या हाताच्या रेघेपासून अजून चार बोटं खाली आहे. दिवाळीआधी रंगारी येणार आहे, त्याला तेवढी भिंत सोडायला सांगितलंय.

(कर्वेनगर, ५३)