मदत हवी आहे: व्हायब्रेशन टेस्टनंतर रेझोनन्स खाली सरकला, पार्ट पास म्हणायचा का?

नमस्कार मंडळी. चारचाकीच्या इंजिनवर बसणारा पत्र्याचा ब्रॅकेट आहे, त्यावर सेन्सर. शेकरवर (पार्ट हलवून बघायचं टेबल) रँडम एन्ड्युरन्सच्या, म्हणजे अनियमित कंपनं बराच वेळ देऊन टिकाऊपणा तपासायच्या टेस्टच्या आधी आणि नंतर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग) वर साइन स्वीप घेतला, म्हणजे कंपनाची वारंवारता हळूहळू बदलत नेली. आधी रेझोनन्स (ज्या वारंवारतेला पार्ट सर्वात जोरात थरथरतो ती) १८७ हर्ट्झला होता, नंतर १७१ ला आला. वस्तुमान तेच, म्हणजे कडकपणा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो असं धरलं, तर जवळपास १६ टक्के गेला. ही घट मला किरकोळ वाटत नाही.

डाय पेनिट्रंटमध्ये (पृष्ठभागावरच्या भेगांत रंग शिरवून बघायची चाचणी) क्रॅक दिसली नाही. बोल्टचा टॉर्क मात्र उतरला होता. पुन्हा आवळून स्वीप घेतला तर १८० पर्यंतच परत आला. उरलेले ७ हर्ट्झ कुठे गेले? मधल्या रबर बुशवर माझा संशय आहे, पण स्पॉट वेल्डच्या आत, पेनिट्रंट पोचत नाही तिथे क्रॅक असेल तर? फिक्स्चरचा (पार्ट शेकरवर धरून ठेवणारा जोड) स्वतःचा रेझोनन्स ९०० च्या वर आहे, त्यामुळे तो दोषी नाही.

ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'दृश्य हानी नको' एवढंच आहे, रेझोनन्स किती सरकला तर चालेल याची मर्यादा नाही. लॅब पास लिहायला तयार आहे. मला ते पटत नाही, कारण चार सिलिंडरच्या इंजिनात ५४०० आरपीएमला दुसरी ऑर्डर (क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा येणारं कंपन) बरोबर १८० हर्ट्झवर येते.

तुमच्याकडे किती टक्क्यांची मर्यादा ठेवता? आणि बुश नवा घालून स्वीप घेणं आधी, की वेल्ड कापून बघणं?