जुने बग रिपोर्ट साचलेत, स्टेल बॉट लावू का?

कीबोर्डकर
आमची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाईल वाचून डेटाबेसमध्ये भरणारी छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, मेंटेनर म्हणजे देखभाल करणारे दोघंच आणि तेही नोकरी सांभाळून. ओपन इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेले आणि अजून बंद न झालेले बग नि मागण्या, सहाशेच्या घरात गेलेत, त्यातले बरेचसे जुन्या मेजर व्हर्जनचे. कोणी नवीन हातभार लावायला आलं की यादी बघूनच परत फिरतं. जोडीदार म्हणतो गिटहबचा स्टेल बॉट, म्हणजे बरेच दिवस हालचाल नसलेले इश्यू आपोआप बंद करणारा प्रोग्राम, लावून मोकळं होऊ. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. कोणी असा ढीग उपसलाय का?

बिटबाइट
डिफॉल्ट सेटिंगवर तर अजिबात लावू नका. ६० दिवस हालचाल नाही की स्टेलचं लेबल, पुढच्या ७ दिवसांत इश्यू बंद. म्हणजे उत्तर आपण द्यायचं नाही आणि भोगायचं कोणी, तर ज्याने वेळ काढून नीट रिपोर्ट लिहिला त्याने! तो माणूस परत कशाला लिहील? आणि बग जुना झाला म्हणून जात नाही हो. फायरफॉक्समध्ये दुसऱ्या विंडोत गेलं तरी टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी माहितीची छोटी चौकट) तशीच लटकून राहायची, २००२ मध्ये नोंदवलेला बग, सुटला २०२३ मध्ये.

लॉगवाचक
बॉट लावा, पण फक्त "माहिती हवी" या लेबलपुरता, तशी सेटिंग आहे त्यात. केडीई या ओपन सोर्स डेस्कटॉपच्या प्रोजेक्टमध्ये साधारण हेच चालतं, बग नोंदवणाऱ्याकडे माहिती मागितली आणि १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर आठवण जाते, आणखी १५ दिवसांनी बग बंद. तिथे आधी माणसाने रिपोर्ट वाचून प्रश्न विचारलेला असतो, हे महत्त्वाचं.

पॅचवाली
मी आधी डुप्लिकेट शोधेन, पण टायटलवरून नाही, कारण टायटल प्रत्येकजण आपापल्या परीने लिहितो. तुमच्याच विषयातलं सांगते, एकजण लिहितो "पहिला कॉलम सापडत नाही", दुसरा "आयडी नल येतो", तिसरा "एक्सेलमधून सेव्ह केलेली फाईल चालत नाही", आणि तिघांचं मूळ एकच असू शकतं, एक्सेलने सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाईलच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंग ओळखायच्या न दिसणाऱ्या खुणेचे, ३ बाइट येतात, ते काढले नाहीत तर पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात आणि नाव जुळत नाही, स्क्रीनवर मात्र काहीच वेगळं दिसत नाही. म्हणून एका मॉड्यूलचे सगळे इश्यू एका बैठकीत वाचा. जे अजूनही घडतंय त्याची फेल होणारी टेस्ट (बग सुटेपर्यंत नापास होत राहणारा तपासणीचा छोटा कोड) लिहून ठेवा, मग फिक्स कोणीही करू दे. नवीन माणसाला पहिलं काम म्हणूनही हेच द्या, जुना बग आजच्या व्हर्जनवर येतो का ते बघ, त्याला कोडबेस सगळा माहीत असायची गरज नाही.

कीबोर्डकर
बीओएमचं वाचून लगेच शोधलं, तसे चार इश्यू निघाले, एकावर तर सॅम्पल फाईलपण जोडलेली आहे. इम्पोर्टच्या मॉड्यूलपासूनच सुरू करतो. पण जे आम्ही करणारच नाही अशा फीचर रिक्वेस्टचं काय?

पॅचवाली
त्यांना स्पष्ट "नाही" सांगून बंद करा, का नाही ते दोन ओळीत लिहा आणि "बग नाही" असं वेगळं लेबल लावा. लोकांना नकार चालतो, वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलेलं चालत नाही.