मदत हवी आहे: सर्बियातलं निश, आईसोबत

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात बेलग्रेडहून निशला जायचं ठरतंय. निशावा नदीकाठचा तुर्की किल्ला आणि मेदियानाचे रोमन अवशेष बघायचेच आहेत. (सम्राट कॉन्स्टंटाइन इथलाच.)

अडलंय ते चेले कुलापाशी. १८०९ च्या चेगारच्या लढाईत पडलेल्या सर्ब बंडखोरांच्या ९५२ कवट्या चिणून तुर्कांनी उभारलेला बुरूज. आता त्यातल्या ५८ उरल्यात. आईला तिथे न्यावं का? ती म्हणते, "तू जा बाई, मी बाहेर बसते." बाहेर सावलीत बसायला जागा आहे का?

सिचेव्होच्या घळीसाठी बस मिळते की गाडीच करावी? निश्का बान्याचे गरम झरे तिच्या गुडघ्यांना झेपतील का? आणि शाकाहारी माणसाला चीजचा बुरेक (सारण भरलेली पेस्ट्री), आयवार (भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीची चटणी) यापलीकडे काय मिळतं? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.