काम नसलेल्या महिन्यांत काय मिळतं? (अनुभव धागा)

गव्हाणवाला (धागाकर्ता)

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की कायम कामगार रिपेअरीला लागतो आणि पूर्ण पगार घेतो. हंगामी कामगार घरी बसून रिटेन्शनची (बंद काळातल्या भत्त्याची) वाट बघतो. ठेकेदाराच्या माणसाला राम राम. आणि ज्याच्या कोयत्यावर गव्हाण (ऊस कारखान्यात घेणारी जागा) चालते, तो ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो. परवा आमच्या ग्रुपवर यावरून जुंपली. एकाचं म्हणणं, काम नाही तर पैसे कसले? दुसऱ्याचं, नोव्हेंबरात परत बोलावणार म्हणून दुसरी कायमची नोकरी धरता येत नाही, मग मधल्या महिन्यांचं काय? 

म्हणून हा धागा. तुमचा धंदा वर्षातले काही महिने बंद असतो का? तेव्हा कोण काय देतं? ते रास्त वाटतं का? स्वतःचं लिहा. कारखान्यांची, मालकांची नावं नकोत.

सुरुवात मी करतो. मी पॅनमन, हंगामी. साखरेचा दाणा बांधायचं काम, ते दोन दिवसांत कुणाला शिकवता येत नाही. त्यामुळे बंद काळात मला निम्म्याच्या आसपास पगार लागू होतो. केनयार्डातल्या (ऊस येऊन थांबतो त्या आवारातल्या) अकुशल माणसाचा टक्का त्याच्या पुष्कळ खाली. साखर धंद्याचं पहिलं वेतन मंडळ १९५७ साली नेमलं गेलं, आता कारखाने, युनियन आणि सरकार यांचे त्रिपक्षीय करार होतात, पण कुशलला जास्त आणि अकुशलला कमी ही रीत काही बदलली नाही. म्हणजे ज्याच्या घरात शिल्लक सगळ्यात कमी, त्यालाच भत्ता सगळ्यात कमी. कारण उघड आहे. मी दुसऱ्या कारखान्यात गेलो तर यांची पंचाईत होते, यार्डातला माणूस सकाळी फाटकावर दुसरा मिळतो. रिटेन्शन ही दावण आहे, बेकारी भत्ता नव्हे. पुढच्या हंगामाला हजर झालात तरच त्यावर हक्क.

माजी_चिटबॉय

गव्हाणवाले, तुमचा कारखाना पेटतो तरी. २०१९-२० ला आधी दुष्काळ, मग पूर, ऊसच नव्हता. बरेच कारखाने सुरूच झाले नाहीत, त्यात आमचाही. मी शेती खात्यात चिटबॉय. उसाची नोंद घ्यायची, तोडीची चिठ्ठी द्यायची, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. त्या वर्षी बोलावणं आलंच नाही. रिटेन्शन मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "हंगाम झाला असता तर दोन हंगामांच्या मधला काळ धरला असता. आता मधला काळ कुठून मोजू?" बोलणं बिनतोड होतं, खिशात मात्र काही पडलं नाही. युनियनच्या पुढाऱ्यांनी निवेदन दिलं, फोटो काढला. कायमवाल्यांचेच पगार थकले होते, आमची फाईल कोण वर काढणार? त्या उन्हाळ्यात दुधाच्या गाडीवर राहिलो, अजून तिथेच आहे.

खाडे_बंद

ग्रुपवरचा तो "काम नाही तर पैसे कसले"वाला मीच. आमचं दुकान महिनाभर बंद पडलं तर मला कोण देतं?

तारखेला_हजर

खाडे_बंद, दुकान तुम्ही बंद करता. यांचं फाटक दुसरा कुणी बंद करतो. एवढा फरक धरा की.

मी युनियनच्या कचेरीत कागद सांभाळतो, म्हणून थोडं कायद्याचं लिहितो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ झाला, म्हणजे मालकाने तात्पुरतं काम थांबवलं, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. पण हंगामी स्वरूपाच्या कारखान्यांना ती तरतूद लागूच नव्हती, आणि कारखाना हंगामी आहे की नाही हे ठरवणार सरकार. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही ही वगळणूक कायम आहे. ईएसआयचंही (कामगार राज्य विम्याचंही) तेच. साखर, गूळ, कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणं असल्या हंगामी कारखान्यांना ईएसआयच नाही. आणि ईएसआय नाही म्हणजे अटल विमित व्यक्ती कल्याण योजना नाही. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, अशी ती योजना आहे. म्हणजे ज्याचं काम दर वर्षी हमखास जातं त्याला बाहेर ठेवलं, आणि ज्याचं क्वचित जातं त्याला आत घेतलं. विमा कंपनीच्या डोक्याने बघितलं तर बरोबर आहे म्हणा.

ग्रॅच्युइटीतही हंगामीला दर हंगामाला ७ दिवसांचा पगार, बाकीच्यांना दर वर्षाला १५ दिवसांचा.

चाकणकर

ही अटल योजना मी घेतली आहे. कंपनीने लाईन बंद केली, आम्हाला काढलं. पगारातून ०.७५ टक्के कापून जायचे तेव्हा कुरकुर करायचो. पैसे आले, उशिरा आले, घरभाडं निघालं. आयुष्यात एकदाच मिळते हे मात्र अर्ज करताना कळलं. पुढच्या वेळी काय ते पुढच्या वेळी.

कोयत्याची_लेक

बीड जिल्हा, गाव सांगत नाही. आई-वडील तोडीला जायचे, मी आता नर्स आहे.

आमचा बेकारी भत्ता म्हणजे मुकादमाची (तोडीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, आगाऊ घेतलेले पैसे. पावसाळ्यात बियाणं, दवाखाना, पोरीचं लग्न, सगळं त्यातून. फरक एवढाच की भत्ता फेडायचा नसतो आणि उचल टनावारी फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे उसाच्या फडात मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते, पण हिशेब जोडीचा आणि अंगठा वडिलांचा. आजारी पडून एक दिवस गेला की खाडा, त्याचा दंड वेगळा. फडातून उचल फिटली नाही की बाकी पुढच्या साली अंगावर.

संघटनांनी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यात कारखान्याकडून टनामागे १० रुपये जमा करायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं आहे. गावात ओळखपत्रंही वाटली. पण रिकाम्या महिन्यांत हातात पैसे देणारं त्यात काही आहे का, हे मी गावात विचारते तेव्हा लोक मुकादमाच्याच घराकडे बोट दाखवतात.

आणि रोजगार हमी? कायदा आमच्याच राज्याचा, १९७७ चा. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता, असं त्यात होतं, २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही आलं. आमच्या गावात तो भत्ता घेतलेला माणूस मला भेटायचाय. काम मागितल्याची तारीख घातलेली पावतीच कुणी देत नाही, मग ते पंधरा दिवस मोजायचे कुठून?

दर्यावरचा

रत्नागिरी. १ जून ते ३१ जुलै बंदी, यांत्रिक बोटी किनाऱ्यावर. बंदी मला मान्य आहे, मासळीला वीण घालू दिली नाही तर आम्हीच मरू. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी माणशी ४५०० रुपयांची सोय आहे, त्यातले १५०० आपलेच आधी भरलेले. बोटीच्या मालकाला डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीतून मिळतो, खलाशाला त्यातलं काही नाही. खलाशाला मालक पुढच्या हंगामाचा बयाणा देतो. कोयत्याच्या लेकीने लिहिलेली उचल आणि हा बयाणा सख्खी भावंडं. मी स्वतः बोटमालक आहे, तेव्हा बयाणा घेऊन गावाला गेलेला तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) ऑगस्टात दुसऱ्याच बंदरात दिसतो तेव्हा माझं काय होतं, तेही कधीतरी लिहीन.

टोरांटोचा_सुतार

इथे बांधकामाच्या युनियनमध्ये आहे. थंडी पडली, काम आटोपलं की ले-ऑफ. ईआय (सरकारी बेकारी विमा) मिळतो, कमाईच्या ५५ टक्के, वर कमाल मर्यादा. आधी विमापात्र तास भरावे लागतात, तुमच्या भागातल्या बेकारीप्रमाणे ४२० ते ७००. मच्छीमारांचा हिशेब तासांवर नाही, कमाईवर. ऑफिसात काम करणारा माझा मेहुणा दर ख्रिसमसला टोमणा मारतो, आम्ही हप्ते भरायचे आणि तुम्ही दर हिवाळ्यात खायचे. खोटं नाही ते. पण संपावर गेलो की हाच ईआय बंद, तेव्हा युनियनच्या फंडातून जे सुटेल ते.

दर्यावरचा

कमाईवर हिशेब धरला तर आमच्या खलाशाची कमाई दाखवणार कोण? हिस्सा रोखीत, वही मालकाकडे. मालक मी, म्हणून सांगतो.

गव्हाणवाला

तेच कंत्राटी माणसाचं. पॅनवर माझ्या शेजारी उभा असतो, हजेरी ठेकेदाराच्या वहीत. कुणी कंत्राटी, कुणी माथाडी असाल तर लिहा. हमालीवर लेव्ही भरणाऱ्या बाजारात आवक नसलेल्या दिवसांचं माथाडी बोर्डाकडून काही मिळतं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. खाडे_बंद, तुम्हीही लिहा. दुकानातल्या पोऱ्याला बंद महिन्यात काय देता?